राजाचं सहावं पोट

— त्या खुर्चीवर नको, तिचा पाय लुळा आहे, इथं शिलाई मशीनच्या स्टुलावर बस. आणि तो कागद आधी पिशवीत घाल बघू. सही करते असं मी म्हटलेलं नाही. वाचता येतं मला! शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण कपड्यांवरच्या चिठ्ठ्या वाचून वाचून अक्षरं शिकले, तुमच्या संग्रहालयाने काय लिहिलंय ते बरोबर कळलं — दुसऱ्या राणीच्या लग्नात राजाला चुकून मोठं पोट बांधलं गेलं, ते सिनेमाच्या नव्या प्रतीत दुरुस्त करायला माझी हरकत नाही. चुकून! आणि त्या बदल्यात श्रेयनामावलीत माझं नाव. साठ वर्षांनी सुचलं होय? कपडेपटातलं दुसरं कुणी जिवंत नाही म्हणून आलीस, नाहीतर हे तीन जिने कोण चढतंय? दूधवालासुद्धा खालूनच ओरडतो.

पोट म्हणजे काय, तुला कुठं ठाऊक असणार. सिनेमातला राजा सात लग्नं करतो, आणि दर लग्नाला जाड होत जातो. आणि आमचा नट कसा, तर काठीला सदरा घातलेला! मग त्याला जाड कोण करणार — मी. जाडंभरडं कापड, आत कापूस, उभ्या-आडव्या टाक्यांनी घट्ट, पाठीमागे नऊ नाड्या. अशी सात पोटं शिवली, राणीगणिक एक, प्रत्येकाच्या आत लाल दोऱ्याने आकडा. सात खुंट्यांवर टांगलेली असायची. शूटिंग काही गोष्टीच्या क्रमाने होत नाही गं, आज सहावी राणी तर उद्या पहिली, त्यामुळे कुठल्या दिवशी कुठलं पोट हे फक्त मला ठाऊक. दिग्दर्शकालासुद्धा नाही. तो मला विचारायचा, "पोटवाली, आज कितवं?" पोटवालीच म्हणायचे सगळे. मला राग नव्हता.

रोज पाऊण तास लागायचा. नट हात वर करून उभा, मी पाठीमागे, एकेक नाडी. आणि तो बोलायचा — आईच्या दम्याबद्दल, भाड्याच्या खोलीबद्दल, संवाद विसरायची भीती वाटते त्याबद्दल. इतरांसमोर राजा, माझ्यासमोर नुसता बनियनवर. एकदा म्हणाला, "तुझे हात लागले की मला धीर येतो." आता याचा अर्थ काय घ्यायचा, तूच सांग? नको सांगू. मी जो घेतला तो घेतला. घरी आलेलं एक चांगलं स्थळ परत पाठवलं. आई म्हणाली, "डोकं फिरलंय तुझं." फिरलंच होतं की.

तर त्या लग्नाचा दिवस. तीनशे माणसं भाड्याने आणलेली, एक पांढरा घोडा, सगळा गोंधळ. मी खुंटीवरून दोन नंबर काढला, दोन नाड्या बांधल्या, आणि हा हात वर करून, भिंतीकडे तोंड करून म्हणतो, "पोटवाली, तोंड गोड कर माझं, मी खरंच लग्न करतोय." कुणाशी? तर जी दुसरी राणी झाली होती तिच्याशीच. मी म्हटलं, वा. त्या दोन नाड्या सोडल्या. दोन नंबर परत टांगला. आणि सहावा काढला.

चूक? अगं, अंधारात नुसत्या बोटांनी आकडा ओळखायची मी! मला वाटलं, बघू दे त्या बाईला, पुढे काय पदरात पडणार आहे ते. वर जड झगा चढवला, बाहेरून काही कळेना. गुडघे टेकले की झगा उघडणार, एवढं मला माहीत होतं. मी कपडेपटात जाऊन बसले. त्या गोंधळात कुणाच्या ध्यानात आलं नाही; तीन दिवसांनी रिळं धुऊन आली तेव्हा सगळ्यांनी पडद्यावर पाहिलं, तोवर सेट मोडला होता, तीनशे माणसं घरी गेली होती. मला काढलं, नाव पुसलं. नंतर त्यानेही चार लग्नं केली, वर्तमानपत्रात वाचत होते मी.

पण एक सांगते, आजवर कुणाला बोलले नाही. त्याला कळलं होतं. सहावा पाच किलोने जड होता गं, आणि तो आधी बारा दिवस अंगावर वागवलेला! अंगाला कळत नाही होय? कळलं, आणि तरी तोंडातून ब्र काढला नाही, तसाच गेला. म्हणजे मनातून माझी माफी मागितली त्याने. नऊच्या नऊ नाड्या बांधू दिल्या मला. एवढ्यावर मी... जाऊ दे. हे पोट कापलंत तर काय राहतं? त्याचं-माझं असं जगात तेवढंच आहे.

नाही, मी नाही पाहिला सिनेमा. कशाला पैसे देऊन बघू? — आहे तुझ्याकडे? त्या फोनमध्ये? चष्मा कुठं गेला... धर नीट, हलवू नकोस.

हा बघ आला. किती बारीक चेहरा. हसतोय तिच्याकडे बघून. आता टेकेल गुडघे — हा, उघडला झगा.

थांब. मागे घे जरा. खाली बघून दचकला का तो?

पुन्हा लाव.

हातांनी चाचपतोय. बघ ना, हे काय आलं मध्येच, असं. मग तिच्याकडे बघून हसला. अभिनय नाही हा, अभिनय करताना त्याच्या भुवया कशा होतात ते मला ठाऊक आहे. पाऊण तास मी बांधत होते, आणि हा... तिथं नव्हताच गं. आत्ता कळतंय त्याला. गुडघ्यावर आल्यावर.

बंद कर ते.

काढ तो कागद. पेन आहे ना? कुठं, इथं खाली? — घे. कापा पोट. दोन नंबरचं बसवा, व्यवस्थित बसवा, बेंबीच्या वर एक वीतच फुगवटा हवा, जास्त नको.

नाव? नाव नको घालूस. नको म्हटलं ना! जिन्यात तिसऱ्या पायरीला धरून उतर, ती हलते. आणि दार ओढून घे, मला उठवत नाहीये.