हात पोचला तिथवर गुलाबी

मंडळी, ऐका! आजच्या कीर्तनात देवाला नंतर विचारू, आधी तुम्हालाच विचारतो — रंगाला नवरा लागतो का? हसू नका! गुलाबी भिंत बघायची, तर बाईच्या गळ्यात मंगळसूत्र असावंच लागतं का? बोला!

बरं, मग गोष्टच सांगतो.

गडहिंग्लजला एक दिनकरराव. मुलाचं लग्न ठरलं, घर रंगवायला काढलं. होणाऱ्या सूनबाईला हवा गुलाबी — फिका, थंड नाही हं, चांगला उबदार! (पेटीवाले, तुम्ही का लाजताय? तुमच्या लग्नाला वीस वर्षं झाली!) इस्माईल रंगारी आला. म्हणाला, "आधी नमुने मारून बघू. कुठल्या भिंतीवर मारू?"

"आक्काच्या खोलीत मार. ती खोली रंगवायचीच नाहीये."

आक्का म्हणजे दिनकररावांची सख्खी थोरली बहीण. विसाव्या वर्षी नवरा गेला, तेव्हापासून माहेरीच. दिनकररावांना कडेवर घेऊन वाढवलं ते हिनं!

तिच्या भिंतीवर तीन पट्टे मारले. सगळं घर तिथं जमलं. कोणी म्हणे हा, कोणी म्हणे तो — ठरेचना! खाटेवरून आक्का म्हणाल्या, "मधला घ्या. सकाळचं ऊन पडलं की भिंत हसेल."

तोच ठरला, बरं का! बैठकीची खोली गुलाबी, मुलाची खोली गुलाबी, माजघर गुलाबी! काम संपलं, तसा इस्माईल म्हणाला, "साहेब, रंग उरलाय. आक्कांची खोली करून टाकू?"

"खुळा का तू? विधवा बाईच्या खोलीला गुलाबी? पाव्हणे तोंडात शेण घालतील!"

"मग उरलेल्याचं काय करू?"

"चपलांच्या कपाटाला मार!"

चपलांच्या कपाटाला! मंडळी, अंगाचा तिळपापड होतो हो हे सांगताना! चिखलाच्या चपलांना गुलाबी चालतो, आणि जिनं तुला घास भरवला तिला चालत नाही? कुठल्या पोथीत लिहिलंय हे? मी पोथ्या वाचूनच पोट भरतो — मला तरी कुठं सापडलं नाही!

इस्माईलनं कपाट रंगवलं. उरल्या रंगाचा डबा मात्र न्यायचा 'विसरला' — आक्कांच्या उंबऱ्यावर, वर ब्रश ठेवून.

दुसऱ्या दिवशी सगळे बस्ता बांधायला कोल्हापूरला गेले. इकडे आक्कांनी पदर खोचला. सत्तरीची बाई! संध्याकाळी दिनकरराव येऊन बघतात, तर आक्कांचा हात पोचला तिथवर भिंत गुलाबी! वर पांढरी. हाताला रंग, कपाळाला रंग!

"आक्का! हे काय केलंस? लोक काय म्हणतील?"

आक्का हात पुसत म्हणाल्या, "दिनू, माझा नवरा गेला रे. डोळे नाही गेले."

मग? मग काय! लग्न झालं, पाव्हणे जेवून गेले, कोणी चकार शब्द काढला नाही. आणि ती भिंत वरून अजून पांढरीच आहे, मी परवा बघून आलो! तिचा हात पोचत नाही, आणि ज्याचा पोचतो तो उचलत नाही!

दिनकररावांना मनात शिव्या देताय ना? थांबा! आता आरती आहे. ताट धरायला कमिटीनं पाच सवाष्णी निवडल्यात — ही चिठ्ठी बघा. आणि त्या मागं, भिंतीला टेकून बसलेल्या? रोज सगळ्यांच्या आधी येऊन देऊळ झाडतात त्या! त्यांना कोणी विचारलं?

आज ताट त्यांच्या हातात जाईल. तोवर मी चिपळ्या उचलणार नाही! या काकू, या आत्याबाई, पुढं या. आणि मंडळी, बघत काय बसलात? पाय आवरा, त्यांना वाट द्या!