मांजरीचा चौविहार

नाही, मला एक सांगा, टॅबमधल्या मांजरीनं सूर्य बुडाल्यावर खाल्लं तर पाप नेमकं कोणाला लागतं? मांजरीला? टॅबला? की ज्यानं तो गेम बनवला त्याला? हसू नका! आमच्या घरी या प्रश्नावर पाऊण तास चर्चा झालीये, आणि ठरलं काय, तर मांजर चौविहार पाळणार! म्हणजे आम्ही पाळतो तसाच, सूर्य बुडाला की अन्न बंद, पाणी बंद. बरं, गेमवाल्यानं बिचारीला मासे दिलेत, बर्गर दिलेत, काय काय दिलंय, पण आमच्याकडे तिला फक्त सफरचंद आणि दूध. आणि ते भरवतं कोण? जेठमलजी! माझे दादाजी, वय अठ्ठ्याहत्तर, तळोद्यात आमचं कापडाचं दुकान आहे, त्याच्या ओट्यावर मांडी घालून, चष्मा कपाळावर चढवून, एका बोटानं सफरचंद ढकलत मांजरीच्या तोंडाशी नेतात आणि म्हणतात, "खा बेटा, खा, सात वाजत आले." आणि त्यांना चिकटून कोण बसलेलं असतं? अभिनंदन. माझ्या भावाचा मुलगा. वय नऊ.

बसू दे. मी काही जळत नाही हं. आधीच सांगून ठेवते.

फक्त ती जागा माझी आहे, एवढंच! सहा वर्षांची असल्यापासून, रोज संध्याकाळी पाच वाजता, दुकानाच्या ओट्यावर, दादाजींच्या डाव्या हाताला, मी. खडूनं फरशीवर नवकंकरीचा पट काढायचा, एकात एक तीन चौकोन, नऊ काळी बटणं त्यांची, नऊ पांढरी माझी. बटणं का, तर लोक चिंचोके घेतात, पण चिंचोक्यात जीव असतो ना! दादाजींना चालायचं नाही. म्हणून दुकानातली शर्टाची बटणं. तीन एका रेषेत आली की समोरच्याचं एक उचलायचं, इतका साधा खेळ. सोळा वर्षं खेळलो आम्ही. नंदुरबारला बीसीए करत होते, हॉस्टेलवर होते, तेव्हासुद्धा दर शनिवारी एसटीनं घरी, बॅग टाकली की ओटा! आणि या जूनमध्ये डिग्री घेऊन कायमची घरी आले, पाच वाजता ओट्यावर गेले, तर माझ्या जागेवर हा! हातात टॅब! आणि दादाजी म्हणतात, "शिखा, जरा सरक बेटा, उजेड येऊ दे."

उजेड येऊ दे!

बरं, हे मांजरीपर्यंत गेलं कसं, ते ऐका. मी आले त्याच आठवड्यात एक दिवस दादाजी सामायिकला, म्हणजे आमच्या जैनांच्या ध्यानाला, बसले होते. अठ्ठेचाळीस मिनिटं एका जागी, तोंडाला मुहपत्तीचं फडकं बांधून, मध्ये उठायचं नाही, कोणाला ओरडायचं तर नाहीच नाही. आणि शेजारच्या खोलीत आमचा कुलदीपक बंदुकीचा गेम खेळतोय, "हा मेला! तो पळतोय, त्याला पण मार! डोक्यात मार!" दादाजी बसून. माळ हातात. अठ्ठेचाळीस मिनिटं झाली, उठले, मुहपत्ती सोडली, पाणी प्यायले आणि शांतपणे म्हणाले, "एकतीस."

रक्षाभाभी, म्हणजे अभिची आई, म्हणाली, "काय एकतीस, दादाजी?"

"जीव. माझी सामायिक होईपर्यंत एकतीस गेले. बत्तिसावा जखमी होता, त्याचं पुढे काय झालं कळलं नाही."

तुम्हाला सांगते, मला इतका आनंद झाला! म्हटलं, गेला टॅब! आता कपाटात, कुलपात, आणि माझी जागा मला परत. कारण माझ्या लहानपणी काय व्हायचं माहितीये? स्टँडजवळ व्हिडिओ गेमचं दुकान होतं. माझा मोठा भाऊ रिषभ, म्हणजे अभिचा बाप, तिथं रोज पडीक. मी एकदा, फक्त एकदा विचारलं, "मी जाऊ?" तर दादाजी वर न बघता, "नको." संपलं! एक शब्द! चर्चा नाही, पाऊण तास नाही, काही नाही! मग याच्याही वेळी एक शब्द येईल अशी मी वाट बघत्येय, तर दादाजी म्हणतात कसे, "पोरगं आहे, खेळणार. पण काय खेळायचं ते बघून ठरवू. शिखा कॉम्प्युटरचं शिकलीये. ती एकेक गेम तपासेल, मला सांगेल, मग मी हो-नाही करीन."

म्हणजे बघा! तीन वर्षं बीसीए केलं, प्रोजेक्टला पहिला नंबर आला, तेव्हा या घरात कोणी विचारलं नाही की कशावर होता! आणि आता माझी नेमणूक कशावर, तर भाच्याच्या करमणुकीवर!

पण म्हटलं, ठीक आहे. तपासणी माझ्या हातात आहे ना? एकही गेम पास होऊ द्यायचा नाही! जळून नाही हं! नियमानं!

पहिला आला गाड्यांच्या शर्यतीचा गेम. मी ओट्यावर उभी राहून, चांगली मोठ्यानं, "दादाजी, गाडी ताशी दोनशेनं जाते. रस्त्यावरच्या किड्यामुंग्यांचं काय?" दादाजी गंभीर झाले. अभिचं तोंड एवढंसं झालं. मी मनातल्या मनात खडू शोधायला लागले. तर दादाजी थोडा विचार करून म्हणाले, "वांधा नाही. हळू चालव. मी बघतो शेजारी बसून." झालं! तेव्हापासून शर्यतीत सगळ्या गाड्या दोनशेनं, आमची वीसनं. दादाजी ओरडतात, "समोर बघ! मुंगी असली तर?" बाकीचे पोहोचून, बक्षीस घेऊन, घरी जाऊन जेवले असतील, तेव्हा आमची गाडी पोहोचते. शेवटचा नंबर. रोज! आणि दादाजी त्याच्या पाठीवर थाप मारतात, "शाबास! एकही जीव गेला नाही!"

मला बोर्डात गणितात शहाण्णव पडले होते. तेव्हा म्हणाले होते, "बरं."

मग शेतीचा गेम. मी म्हटलं, "दादाजी, यात बटाटे लावायला सांगतात. गाजर, कांदा, मुळा. सगळं कंदमूळ!" आता तरी? छे! "मग टोमॅटो लाव. भेंडी लाव. मी सांगतो कुठं काय ते." पिकावर अळी पडली. गेम म्हणतो फवारा मारा. मी टपूनच होते, "दादाजी, अळी!" दादाजींनी चष्मा खाली घेतला, अळीकडे बघितलं आणि म्हणाले, "खाऊ दे. तिलाही पोट आहे." अख्खं शेत अळीनं खाल्लं! दुकानात साडी घ्यायला आलेल्या दोन शेतकरी बाया ते बघत उभ्या. एक दुसरीला म्हणते, "या बाबाले वावर देऊ नको वं माय!"

म्हणजे माझ्या लक्षात यायला उशीर झाला, पण तुमच्या आलं असेल. मी एक हरकत घ्यायची, की दादाजी त्यावर एक तोड काढायचे, आणि प्रत्येक तोडीत एक गोष्ट पक्की, "मी बघतो शेजारी बसून." गाडीला अर्धा तास. शेताला अर्धा तास. मांजर आली, मी मासे दाखवले, तिची दोन वेळची जेवणं वाढली! मी जितके गेम नापास करायला गेले, तितके दोघं एकमेकांना चिकटत गेले. माझ्या हातानं! माझ्या शिक्षणानं!

आमच्या दुकानात भिला म्हणून आहेत, वीस वर्षांपासून ठाण उलगडतात आणि गुंडाळतात. त्या दिवशी मी कापड मोजायच्या मीटरपट्टीनं काउंटरवर टक् टक् टक् करत ओट्याकडे बघत होते, तर ते हळूच म्हणाले, "शिखाताई, तू जळी ऱ्हायनी का?"

म्हटलं, "मी? कोणावर?"

"त्या पोऱ्यावर. न्हाना शे ना तो."

"मी नाही जळत, भिलाभाऊ! मला काय करायचंय!"

"मंग ती पट्टी ठी दे. मोडी जाई."

ठेवली. जळत नाही मी. पण ठेवली.

आणि मग परवा मी ठरवलं, बास. एक यादी केली. तेवीस गेम तपासले, तेवीस नापास, प्रत्येकापुढे कारण. एका कोड्याच्या गेममध्ये काहीच सापडेना, तर मी लिहिलं, "पाठीमागे पक्षी पिंजऱ्यात आहे." होता! कोपऱ्यात होता! सगळे जमले, भाभी, रिषभ, भिलाभाऊ दारात. मी वाचून दाखवलं आणि शेवटी म्हटलं, "दादाजी, तुमच्या नियमात बसणारा खेळ जगात एकच आहे. नवकंकरी. टॅब ठेवा कपाटात. खडू कुठाय? बटणं कुठायत?"

दादाजी म्हणाले, "ती मी आता नाही खेळत."

"का?"

"तू हरतेस म्हणून."

मी म्हटलं, "हरते म्हणजे? हरेन नाहीतर जिंकेन, खेळच आहे तो!"

"जिंकत कुठं? अकरावीपासून एकदा नाही जिंकलीस. दोन बटणं तुझी रेषेत असतात, तिसरं ठेवायला घर मोकळं असतं, आणि तू भलतीकडेच ठेवतेस. वर म्हणतेस, 'अरेरे, चुकलंच!'" माझी नक्कल केली हो त्यांनी, सगळ्यांसमोर, मान वाकडी करून! "मी म्हातारा झालोय बेटा, आंधळा नाही झालो. तुझ्याशी जिंकून उठलो की मला गोळी घेतल्यासारखं वाटायचं. पोरीनं रोजची गोळी दिली, आता जा, झोपा. हा पोरगा माझ्याशी भांडतो. काल मला म्हणाला, 'दादाजी, तुम्हाला काही कळत नाही.' असं मला कितीक वर्षांत कोणी म्हणालं नव्हतं."

 खरं होतं ना ते! मी मुद्दाम हरायचे. म्हातारं माणूस, खूश होतील, आपलं काय जातं! आणि... आता तुमच्यापाशी काय लपवू... हरलं की लवकर संपायचं पण. मग मी मोकळी, माझा मोबाईल मोकळा. सोळा वर्षांची जागा, जागा म्हणून ओरडत होते, त्यातली शेवटची सहा वर्षं मी त्या जागेवर घड्याळ बघत बसले होते.

यादी मी घडी करून ठेवून दिली. पण मी रडणाऱ्यातली आहे का? मी म्हटलं, "अस्सं? मग आज खेळा. आज खरं खेळते. आज रडलात तर मला सांगू नका!"

दादाजींचे डोळे चमकले. गल्ल्याच्या मागून बटणांची डबी काढली. म्हणजे जवळच होती! खडू अभिनं आणला, पट मी काढला, अशी ठोकून बसले मांडी घालून! रिषभ म्हणाला, "जरा सांभाळून गं, बीपी आहे त्यांना." मी म्हटलं, "तू गप!" जीव तोडून खेळले हो. बीसीएला कोडी सोडवलेली मी, तीन तीन चाली पुढचा विचार करणारी! आणि दादाजी? गुणगुणत होते! माझ्या दोन बटणांच्या रेषेत आरामात आपलं काळं आणून बसवायचे, जसं काही बसायला ओटा दिसला म्हणून टेकले. माझं एक गेलं. दुसरं गेलं. चौथं. पाचवं. अभि टाळ्या पिटतोय, भाभी पदर तोंडाला लावतीये, भिलाभाऊ "आरे देवा" म्हणताहेत, आणि दहा मिनिटांत माझी दोन बटणं उरली, म्हणजे खेळ खलास. त्यांची नऊच्या नऊ! म्हणजे मी सहा वर्षं मुद्दाम हरतेय असं मला वाटत होतं, त्यातलं मुद्दाम किती आणि आपसूक किती, देव जाणे!

दादाजींनी पट बघितला, आपली नऊ बटणं बोटानं मोजली, माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "शाबास! एकही जीव गेला नाही!"

आयुष्यातली पहिली शाबासकी. ही!

मी म्हटलं, "उद्या परत. पाच वाजता." तर अभि मध्येच, "उद्या माझं शेत आहे, भुआ!" भुआ म्हणजे आत्या, म्हणजे मी. मी म्हटलं, "तुझ्या शेताला अळी लागो!" भांडण झालं. चांगलं कडाक्याचं. नऊ वर्षांचा तो, बावीस वर्षांची मी, आणि दादाजी मध्ये बसून इतके खूश, की विचारू नका. शेवटी त्यांनीच दुकानातलं कॅलेंडर काढलं, ज्याच्यावर सूर्यास्ताच्या वेळा लिहिलेल्या असतात ते, आणि पेनानं पाळ्या लावल्या. चार दिवस अभि. दोन दिवस मी. आणि रविवार?

रविवार मांजर!

म्हटलं, "दादाजी, मांजरीला अख्खा दिवस?" तर म्हणाले, "तिला दुसरं कोण आहे?"

आता काय भांडणार? मी जळत नाही. हिशेबच करा ना तुम्ही. काही झालं तरी मांजरीपेक्षा मी एका दिवसानं पुढे आहे.