समोरच्या बेकरीचा पाव

"तिला कळू देऊ नका हं, शिकलेली आहे, लगेच दवाखान्यात पळवेल..." हे वाक्य, तुम्हाला सांगते, माझ्यासाठी नव्हतंच. ते सासूबाईंनी आत्याबाईंना, म्हणजे सासऱ्यांच्या थोरल्या बहिणीला, भट्टीच्या खोलीत हळूच सांगितलं. आता सासूबाईंचं हळू म्हणजे गल्लीच्या टोकापर्यंत, आणि मी दाराआड ट्रे पुसत उभी, त्याला मी काय करू? बरं, काय कळू द्यायचं नाही ते विचारावं, तर विचारणार कोणाला? मी नवीन.

आमची बेकरी आहे. आमची म्हणजे त्यांची, पण लग्नानंतर 'आमची' म्हणायचं असतं. तर पाव कापायच्या मशीनचं पातं पुसताना सासऱ्यांचा उजवा तळहात चिरला. हे मला कोणी सांगितलं नाही, पण माणूस जेवायला हातावर टॉवेल गुंडाळून बसला, चमचा डाव्या हातात, तर दिसतंच ना? मी विचारलं, "बाबा, हाताला काय झालं?" तर म्हणाले, "काही नाही, पीठ लागलंय." पीठ लागलं की धुतात, गुंडाळून ठेवत नाहीत... पण मी नवीन.

मग सासूबाईंनी मला बाजूला घेतलं. "सूनबाई, समोरच्या बेकरीतून एक पाव आण बघू. तुला तिथे अजून कोणी ओळखत नाही." आता तुम्हीच सांगा, घरात फळ्याफळ्यांवर पाव रचलेत, आणि मी शत्रूच्या दुकानातून पाव आणतेय, पिशवीत, वर ओढणी टाकून. तो दुकानदार तर खूश, म्हणतो, "नवीन राहायला आलात वाटतं? आमचा पाव एकदा खाल्ला की दुसरा आवडायचा नाही." मी काय बोलणार त्याला, की आम्ही तो खाणार नाही, सडवणार आहोत?

हो, सडवणार. या घरात खमीर जपतात तशी बुरशीही जपतात. पावाचा तुकडा ओल्या फडक्यात, फडकं मडक्यात, मडकं माळ्यावर, आणि कोणाला काही लागलं की मडकं खाली, बुरशी जखमेवर. पण मोठे दीर हल्ली पिठात कसलीशी पावडर घालतात, त्यामुळे आमच्या पावाला बुरशी धरेचना. त्यावरून मायलेकांचं जुंपलेलं मी जिन्यावरून ऐकलं.

"तुझ्या त्या पावडरीनं पाव सडेना झालाय, आता बापाला औषध कुठून आणू?"

"आई, सडू नये म्हणूनच घालतात ना पावडर."

"मग घरच्या माणसांचा विचार करून जरा कमी घालावी."

आत्याबाईंचं तर त्यात शास्त्रच आहे. हिरवी बुरशी जखमेला, काळी भाजल्याला. मी धीर करून विचारलं, "आणि गुलाबी?" तर शांतपणे म्हणाल्या, "गुलाबीचा अनुभव नाही बाई." आणि दीर वरून सांगतात, "डॉक्टर टोचतात ते तरी काय असतं? बुरशीचंच की. आपण फक्त मधला दलाल काढून टाकला."

आता, बुरशीतून औषध निघतं हे शाळेत मीही शिकले. पण एका ठरावीक जातीतून निघतं, गाळून, शुद्ध करून. कापसाचा सदरा होतो म्हणून बोंडं अंगाला चिकटवून कोणी लग्नाला जातं का? हे सगळं मी मनातल्या मनात फार ठासून बोलले. नवऱ्याला म्हटलं, "बाबांना डॉक्टरकडे ने ना." तो म्हणाला, "बघू." 'बघू' हे या घराण्याचं दुसरं औषध, तेही पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं.

खरी अडचण वेगळीच होती, ती सासऱ्यांनीच एकदा भट्टीसमोर बोलून टाकली. डॉक्टर आमचं रोजचं गिऱ्हाईक. "बेकरीवाल्याच्या जखमेत बुरशी निघाली हे त्यांना कळलं, तर उद्या आपला पाव कोण खाईल?" म्हणजे हात गेला तरी चालेल, गिऱ्हाईक जाता कामा नये, आणि हात कोणता, तर पीठ मळायचा.

मग काल सकाळी मी सासऱ्यांना चहा दिला. कप त्यांच्या हातात ठरेना. टॉवेल सरकला, आणि पाहिलं तर बोटं टरारून सुजलेली, अंग चटके बसावेत इतकं तापलेलं, आणि मनगटापासून कोपराकडे चढत निघालेली एक लाल रेघ. सासूबाईंनी मडकं खाली काढलं. आत्याबाई म्हणाल्या, "आज जरा जाड थर द्या." दीर म्हणाले, "ताजी आहे, समोरचीच आहे." नवरा म्हणाला, बघू. सासरे हात पुढे करून बसले, लहान मुलासारखे...

मी मडक्यावर झाकण ठेवलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले, आणि मग मी जे बोलले ते मोठ्यानंच निघालं:

"बाबा, पाव समोरच्यांचा चालतो, मग औषध डॉक्टरांचं का नाही चालत? उठा, पावाची गाडी दारात आहे. आणि तिथे विचारलंच, तर बुरशी सुनेनं लावली म्हणून सांगा. मी नवीन आहे, खपून जाईल."