उपाशीपोटीचा चहा

एकोणीस जानेवारी, दाट धुकं. आमचे थोरले दादा महिनाअखेरीला कारखान्यातून निवृत्त होणार होते. त्याच दिवशी कंपनीचा आरोग्य विमाही संपणार होता. नव्या विम्यासाठी उपाशीपोटी रक्त तपासायचं होतं. विमा नाकारला तर काय, या काळजीनं दादांना झोप नव्हती.

सकाळी रक्त घ्यायला माणूस आला. वहिनींनी चहा दिला. चहा पिऊन त्यानं सुई काढली.

"काका, पोटात काही नाही ना?"

"न्हाई. आत्ता तुमच्यासंगं च्या घेतला तेवढाच."

"अहो, उपाशी राहायला सांगितलं होतं."

"मग पावन्याला एकट्यालाच पाजायचा व्हय?"

त्यानं सुई परत ठेवली. दादांचा चेहरा उतरला.

सोमवारी तो पुन्हा आला. त्याला कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही. विमा तीस तारखेला मंजूर झाला.