करीमची डिग्री, हफीजाचा अभ्यास

...नाही, नाही, त्या ऑनलाइन डिग्रीचं मला विचारूच नका! पैसे घालावेत की नाही, पदरात काही पडतं की नाही... अहो, मी कोण सांगणार? माझा गुन्हा एवढाच, की आख्ख्या आळीत पहिला फोन माझ्या घरी आला! आणि शेजारी कोण, तर हफीजा. नाटे गावची पोर, बारावी कॉमर्सला झकास मार्क, पुढे शिकायचं शिकायचं म्हणत होती, तेवढ्यात आमच्या करीमचं स्थळ आलं, निकाह झाला, आणि मेंदी उतरायच्या आत नवरा विमानात बसून मस्कतला! ही इथे राजिवड्यात, सासूबरोबर. दर जुम्म्याला त्याचा फोन माझ्या पडवीत. मी आपला पेपर तोंडासमोर धरून बसायचो... पण कानाला काय झाकण असतं?

तर करीम तिकडे गोदामात. साहेब म्हणाला, "करीम गुड मॅन, बट नो डिग्री!" डिग्री असती तर सुपरवायझर, आणि सुपरवायझर झाला तर बायकोला तिकडे नेता येणार. वर्षाकाठी एकदा तोंड बघणारी माणसं ती, तुम्हीच सांगा, कोण दम धरेल? तेवढ्यात त्याच्या खोलीवरच्या कुणीतरी पत्ता दिला... वेस्ट ब्रिजटन ग्लोबल युनिव्हर्सिटी! घरबसल्या पदवी! कॉम्प्युटरवर फोटो काय, कारंजं काय, हिरवळीवर लोळणारी गोरी मुलं काय! मी म्हटलं, अरे, लोळायला आरे-वारेची वाळू आहे की, फुकट! पण ऐकतो कोण? घरावर माडी चढवायची म्हणून अंगणात चिरे रचून ठेवलेले, त्या माडीचे पैसे गेले अमेरिकेला. आणि पैसे गेल्यावर करीमच्या लक्षात काय आलं? की ह्याला सकाळपासून रात्रीपर्यंत ड्युटी, अभ्यास करणार कधी?

"हफीजा, तूच कर गो अभ्यास. नाव माझं असू दे."

"मी? अहो, परीक्षा तुमची ना?"

"मग काय करू? फी भरलीय ना!"

झालं! एकदा फी भरली की माणसाची अक्कल गहाण पडते, हे तुम्हाला सांगतो मी.

एस्टी स्टँडजवळचं ते सायबर कॅफे आठवतंय? प्लायवूडचे कप्पे, आत कॉलेजची पोरं काय बघत असायची ते अल्ला जाणे आणि देव जाणे, आणि त्यांच्यामध्ये ही बुरखा सावरत बसलेली, मागे स्टुलावर सासू, मांडीवर मासळीची पिशवी! सासूचा जीव वरखाली.

"काय गो, मघापासून ते नुसतं फिरतंय काय?"

"युनिव्हर्सिटी उघडतेय, अम्मा."

"इतका वेळ? दाराला गंज चढलाय की काय? माझे बांगडे मऊ पडले इथे!"

आणि उघडली रे उघडली, की लाइट गेली! लिहिलेलं सगळं गडप! पुन्हा दुसऱ्या दिवशी तीच पायपीट, तोच घाम, तेच बांगडे. मी म्हटलं, सोड गो बाय. तर म्हणाली, "कसं सोडू, काका? फी भरलेली आहे."

पण खरं सांगू? पोरीला गोडी लागली हो! धंद्यात भाव कसा ठरतो, असा प्रश्न आला. हिने काय लिहावं? मिरकरवाड्याला होडी लागल्यावर सुरमईचा लिलाव कसा होतो, पाऊस दिसायला लागला की दर कसे चढतात, सगळं डिक्शनरी घेऊन इंग्रजीत! तिकडून प्रोफेसरचं उत्तर, "वंडरफुल, मिस्टर करीम! तुमचा अनुभव दांडगा दिसतो!" आता मिस्टर करीमला होडीत नुसतं बसवलं तरी ओकारी होते! आणि जुम्म्याला त्याचा फोन...

"हफीजा, या आठवड्यात मी काय शिकलो?"

"तुम्ही मार्केटिंग शिकलात."

"कठीण होतं?"

"तुम्हाला जरा जड गेलं. पण पास झालात."

आम्ही हसायचो. ती पण हसायची. पण एकदा आमच्या हिला, मथुराला म्हणाली, "काकी, आज उत्तराखाली माझं नाव टाइप केलं. नुसतं बघितलं कसं दिसतं ते. मग पुसलं." मथुराने मला हे सांगितलं... असो.

डिग्री आली! सोनेरी शिक्का असा, की सासूने आळीत पेढे वाटले. करीम ती घेऊन गेला तिकडच्या कचेरीत, मान्यतेचा छाप मारून घ्यायला. खिडकीतला माणूस म्हणतो, "ही युनिव्हर्सिटी आमच्या यादीत नाही. कुणाच्याच यादीत नाही." संपलं! त्या जुम्म्याला फोनवर त्याने हे सगळं सांगितलं. मग करीम हळूच म्हणाला, "युनिव्हर्सिटीचा ईमेल आलाय. अजून थोडे भरले तर मान्यतावाला कोर्स देतात. एवढी फी भरलीच आहे तर..."

आणि हफीजा, जी आजवर त्याच्यापुढे मोठ्याने बोलली नव्हती, ती माझ्या पडवीत उभी राहून म्हणाली, "नाही! बुडालेल्या होडीला कुणी रंग लावत नाही. एक दमडी पाठवायची नाही!" फोन ठेवला, अंगणात गेली आणि त्या शेवाळलेल्या चिऱ्यांवर बसून रडली. दीड-दोन वर्षं घासलेलं हो! कुणीही रडेल.

आठवडाभर घराबाहेर पडली नाही. मग एका सकाळी बुरखा चढवला आणि तडक हरिश्चंद्रशेठच्या ऑफिसात. शेठ म्हाकूल मासळी पाठवतो स्पेनला, आणि तिकडच्या गिऱ्हाइकांचे ईमेल वाचायला माणूस टिकत नव्हता त्याच्याकडे.

शेठ म्हणाला, "शिक्षण?"

"बारावी. आणि बी.ए. बिझनेस, नवऱ्याच्या नावावर."

शेठ असा हसला, की चहा सांडला! पण समोर एक ईमेल टाकला. गिऱ्हाईक म्हणत होतं, माल लहान आला, दर पाडा. हिने बसल्या बसल्या गोड शब्दांत असं उत्तर ठोकलं, की गिऱ्हाइकाने दर पाडायचा हट्ट तर सोडलाच, वर पुढची ऑर्डर दिली! दुसऱ्या दिवसापासून नोकरी. करीमला कळलं, तर तो पडलेल्या आवाजात म्हणतो, "म्हणजे पास झालो मी, आणि नोकरी हिला?"

आता सांगा, ती फी वसूल झाली की बुडाली? मला तर सांगता येत नाही. तिला विचाराल, तर म्हणते, "काका, तेवढ्या पैशांत मी कॉलेजात तीनदा शिकले असते. माझ्या नावावर!"

पुढे काय झालं, की मस्कतचा साहेब बदलला. नव्या साहेबाने काम बघितलं, करीम झाला सुपरवायझर, बिनडिग्रीचा! फोनवर नुसता नाचत होता, "हफीजा, तुझ्या व्हिसाचे कागद झाले! ये तू आता, लगेच ये!"

हिने कॅलेंडर बघितलं. "आत्ता? आत्ता सीझन आहे हो. शेठ रजा नाही देणार."

मग करीम म्हणाला,

"बरं... मग मीच येतो. येताना काय आणू?"