तुरटी फिरवलेलं पाणी

गजराबाई : पिवळं म्हंजी काय गं श्रावस्ती? चांगलं का वाईट?

श्रावस्ती : वाईट, काकू. प्रतीक्षावहिनी पाणी तपासायचे हेच थेंब टाकून बघायच्या तेव्हा पाणी हिरवं दिसायचं. निळं झालं तर क्षार जास्त. पिवळं म्हणजे पीएच उतरला, पाणी आंबट झालं. माशाच्या टाकीत काय घातलंत?

गजराबाई : काय सुदिक न्हाय.

श्रावस्ती : मासा वर येऊन तोंड वासतोय, काकू. शेजारीण म्हणून हाक मारलीत ना मला? मग खरं सांगा.

गजराबाई : तुरटी फिरवली. सकाळी. पाणी गढूळ दिसायलं व्हतं. म्हणलं, सून दोन महिन्यांनी माघारी येयलीय, तिला टाकी कशी लख्ख दिसावी. टँकरच्या पाण्यात आपुन फिरवतोच की!

श्रावस्ती : किती फिरवली?

गजराबाई : लई. खडा निम्मा झाला.

श्रावस्ती : अगं बाई! आणि इतके दिवस पाणी कुठलं घालत होतात?

गजराबाई : जारचं. आमी बोअरचं पितो, पर त्याला जारचंच घातलं. त्यात बी चुकलं का?

श्रावस्ती : वहिनी निम्मं बोअरचं मिसळायच्या. बोअरच्या पाण्यातला क्षार तुरटीला आवरून धरतो. जारचं पाणी मशीनमधून शुद्ध केलेलं, त्यात क्षारच नसतो, म्हणून एकदम घसरलं.

गजराबाई : आंबट झालंय न्हवं? मग खायचा सोडा टाकते मूठभर.

श्रावस्ती : थांबा! ठेवा तो डबा. पाणी एका झटक्यात बदललं तरी मासा दगावतो. मी पुस्तकात वाचलंय, टाकी कधी सांभाळली नाही. वहिनींना फोन लावू.

गजराबाई : नगं! तुझ्या पाया पडते, तिला नगं.

श्रावस्ती : फार तर रागावतील.

गजराबाई : रागाला कोण भितंय? ती बसमधनं उतरून माघारी जाईल, त्याचं भ्या वाटतंय मला. सहाव्या महिन्यात तिचं पोटातलं लेकरू गेलं. दवाखान्यातनं घरी आणली, आन् दारातच म्या म्हणलं, तुझ्या हातून काय जगतच न्हाय. माझ्याच तोंडानं म्हणलं, बाई. परंड्याला माहेरी जाताना एवढंच म्हणली, आत्या, मासा सांभाळा. आता कुठं माझा ल्योक शिवशंकर जाऊन तिला घेऊन येयलाय. ती येऊन हे बघंल आन्…

श्रावस्ती : काकू, तो आडवा व्हायला लागला.

गजराबाई : आडवा? लाव. लाव फोन.

(फोन स्पीकरवर. पलीकडं बसचा खडखडाट. गजराबाईच्या हातातून सोड्याचा डबा अजून सुटलेला नाही.)

प्रतीक्षा : हॅलो, आत्या? आत्ताच बार्शी सोडली. हे झोपलेत.

गजराबाई : प्रतीक्षा, म्या तुझ्या माशाच्या पाण्यात तुरटी फिरवली. मरायलाय गं तो. माझ्या हातून मरायलाय.

श्रावस्ती : वहिनी? ऐकू येतंय का?

प्रतीक्षा : येतंय. थेंब टाकलेस?

श्रावस्ती : हो. एकदम पिवळं आलं.

प्रतीक्षा : चौथा हिस्सा पाणी काढा आधी. बोअरचं भरून ठेवलेलं आहे का?

गजराबाई : हंडा भरल्याला हाय, कालचा.

प्रतीक्षा : त्यातलं तांब्याभर घाला. काचेच्या कडेनं, हळू. मग दहा मिनिटं थांबायचं, परत तांब्याभर. हवेचा पंप बंद करू नका. आणि घाई अजिबात नको.

गजराबाई : जगंल का गं?

प्रतीक्षा : माहीत नाही, आत्या.

गजराबाई : (चौथा हिस्सा पाणी काढून, हंड्यातला तांब्या भरून घेत) आन् तू? तू येतीस न्हवं घरी?

श्रावस्ती : काकू, पाणी सांडतंय सगळं. द्या तांब्या इकडं, मी घालते.

प्रतीक्षा : नको, श्रावस्ती. तांब्या आत्यांच्याच हातात राहू दे.