दाढ अमरसिंहाची, नंबर सगळ्यांचा

...आणि वर सांगत्यात, पोरांवर संस्कार करा. करा की, न्हाय कोण म्हणतंय? पर पावणं, तुम्हाला सांगतो, आमच्या शेजारच्या अमरसिंहानं केलं, त्याचं काय झालं ते ऐका. उचगावात त्याची पिठाची गिरण, एकुलती लेक संयोगिता, आठ वर्षांची, आणि रोज ताटावर बसलं की ह्याचं सुरू, "बाळ, आधी दुसऱ्याचं बघायचं, मग आपलं." पोरगी मान खाली घालून जेवायची. ह्याला वाटायचं, ऐकतच न्हाय. तिथंच चुकलं बघा.

परवा ह्याची दाढ ठणकायला लागली, गाल ह्यो एवढा सुजला, घास म्हणून गिळंना, तवा लेकीला गाडीवर मागं बसवून राजारामपुरीत दातांच्या दवाखान्यात गेला. चिठ्ठी मिळाली, नंबर चार. तिसरा पेशंट बाहेर आला, हा उठून उभारला, तेवढ्यात शेजारची मलकापूरची बयाबाई, म्हातारी, नंबर नऊ, गालाला पदर लावून पुटपुटली, "माझी पाचची यष्टी चुकतीया वाटतं..." संपलं. संयोगितानं बापाच्या हातातली चिठ्ठी काढून तिला दिली, तिची आपण घेतली. "आप्पा, आधी दुसऱ्याचं बघायचं." अख्खा दवाखाना कौतुकानं बघतोय, म्हातारी पोरीवरनं बोटं मोडतीया, हा परत खाली बसला.

नऊ आला, तर शिकवणीला जाणारी एक पोरगी, नंबर चौदा, म्हणं उद्या पेपर हाय. दिला. चौदा आला, तर एका बाईच्या कडेवर लेकरू रडतंय. आधी दुसऱ्याचं... दिला. ऱ्हायला सतरा, म्हणजे शेवटचा. तवा अमरसिंह हळूच म्हणाला, "बाळ, मलाबी दुखतंय की गं." तर पोरीनं त्याच्या सुजल्याल्या गालावर हात ठेवला. "ठावं हाय आप्पा. पर तुमी आपलं हाईसा न्हवं?"

आता ह्याच्यावर बोला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, ते दाढेनं का लेकीनं, त्याचं त्यालाच कळंना.

सात वाजता सतरा नंबर पुकारला. गडी आत गेला, खुर्चीत आडवा झाला, आ वासला, डॉक्टरांनी हत्यार उचललं, आणि संयोगितानं इचारलं, "डॉक्टर, तुमी जेवलासा?"

"कुठलं गं, सकाळपासून सवडच नाही."

पोरीनं बापाकडं बघितलं. नुसतं बघितलं. अमरसिंहानं तोंड मिटलं, खुर्चीतनं खाली उतरला आणि म्हणाला, "जेवून घ्या डॉक्टर. ज्याचं तोंड चालतंय त्यानं तरी जेवावं."